आबांना पत्र : बर्फाच्या कडेवर पोट भरणारी पाखरं

भारती स्थानक, लार्समन हिल्स,
अंटार्क्टिका
जानेवारी

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "सगळीकडे बर्फच बर्फ, तर तिथली पाखरं खातात काय?" आणि तेवढ्यात लाइन गेली. आई म्हणाली की तुम्ही नंतरही दोन-तीनदा तोच प्रश्न काढलात. फोनवर चार वाक्यांत सांगून संपेल असं ते नाही. म्हणून सगळं नीट लिहितेय. वहिनी वाचून दाखवेल. तिला म्हणावं, घाई करू नको, आणि दादालाही शेजारी बसव. शेवटी त्याच्यासाठी एक काम आहे.

मी बरी आहे. जेवणाखाण्याची आबाळ नाही. भारती हे आपल्या देशाचं संशोधन स्थानक १३४ कंटेनर एकमेकांत बसवून बांधलंय, २०१२ साली सुरू झालं. आत छान ऊब असते. बाहेर सध्या सूर्य मावळत नाही, क्षितिजाजवळ खाली येतो आणि परत वर चढतो. खिडकीतून समुद्र दिसतो, त्यावर बर्फाच्या लाद्या आणि पलीकडे हिमनग. मला दिलेलं काम पक्षी पाहण्याचं आणि मोजण्याचं. तुम्ही ज्या प्रश्नावर अडून बसलात, त्याच्याच मागे मी इथवर आले म्हणा ना.

आधी बर्फ समजून घ्या. इथे तो दोन जातींचा आहे. एक जमिनीवरचा, लाखो वर्षं पडलेल्या हिमाचा दाबून झालेला, मधल्या पठारावर तीन-चार किलोमीटर जाड. त्यावर खरंच काही उगवत नाही. दुसरा समुद्राचा. खारं पाणीच गोठतं. हिवाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, या खंडाभोवतीचा जवळजवळ १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर समुद्र गोठलेला असतो, म्हणजे आपल्या देशाच्या पाचपटींहून जास्त. फेब्रुवारीपर्यंत तो वितळत वितळत ३० लाखांच्या आसपास येतो. दर वर्षी एवढा मोठा पसारा होतो आणि आवरला जातो. पाखरांचं पोट या दुसऱ्या बर्फावर आहे.

समुद्राच्या बर्फाची खालची बाजू बघायला मिळाली तीही जहाजामुळे. जहाज नाक घालून लादी फोडतं, तेव्हा फुटलेला तुकडा कड घेऊन उलटा होतो. वरून पांढराशुभ्र आणि खालून तपकिरी-पिवळा! तो रंग सूक्ष्म शेवाळाचा. पातळ बर्फातून जेवढा उजेड झिरपतो तेवढ्यावर ते वाढतं, हिवाळ्याच्या शेवटी सगळा समुद्र उपाशी असतानाही. त्या शेवाळावर क्रिलची पिल्लं जगतात. क्रिल म्हणजे दिसायला थेट आपला जवळाच, आबा, फक्त मोठा. पुरा वाढला की सहा सेंटिमीटर, लालसर, डोळे काळे. आपल्या डोलजाळ्यात जवळा जसा एकदम भरून येतो, तसा हाही थव्यानेच फिरतो, पण पाच-सहा वर्षं जगतो. त्या क्रिलवर व्हेल, सील, पेंग्विन, मासे आणि उडणारी बहुतेक सगळी पाखरं. बर्फ वितळतो तेव्हा त्यातलं शेवाळ पाण्यात सुटतं, वरचं पाणी गोडसर आणि हलकं होऊन वरच राहतं, ऊन भरपूर मिळतं आणि बर्फाच्या कडेकडेने सगळा समुद्र हिरवट होतो. उन्हाळा चढेल तशी ही कड दक्षिणेकडे सरकत येते. पाखरं तिच्याबरोबर सरकतात.

क्रिलशिवाय मासेही आहेत. एक अंटार्क्टिक सिल्व्हरफिश, बोटभर ते वीतभर लांब. त्याच्या रक्तात गोठू न देणारं द्रव्य असतं आणि त्याची अंडी बर्फाच्या तळाला लोंबणाऱ्या स्फटिकांत सापडलेली आहेत. दुसरे लँटर्नफिश, अंगावर उजेडाचे ठिपके असलेले. ते दिवसा खोल जातात आणि अंधार पडला की वर येतात. पाखरांना हे वेळापत्रक माहीत असतं.

आता प्रवासाचं सांगते, कारण पाखरांचा मुलूख कसा बदलतो ते जहाजावरच कळलं. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला आपल्या शेजारच्या गोव्यातूनच निघाली होती, हे तुम्हाला आठवत असेल, रेडिओवर सांगितलं होतं. डॉ. सय्यद झहूर कासिम प्रमुख होते. आता मोहिमेचं सगळं वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालतं, पण माणसं आणि सामान केपटाऊनहून जहाजात चढतं. केपटाऊन सोडल्यावर मी जहाजाच्या वरच्या मजल्यावर उभी राहायचे. एका बाजूला तीनशे मीटरचा पट्टा डोळ्यांनी धरायचा आणि त्यात येईल तेवढं पाखरू लिहायचं. पहिले काही दिवस अल्बट्रॉस. भटक्या अल्बट्रॉसचे पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत भरतात. तो पंख हलवत नाही. लाटेच्या पाठीवरून वर चढतो, वाऱ्यात वळतो, पुन्हा खाली घसरतो, आणि असंच शेकडो मैल. पृष्ठभागावर आलेला, बहुधा मेलेला माकूळ हे त्याचं मुख्य खाणं. ट्रॉलरमागे आणि गळांच्या दोऱ्यांमागे तो याच सवयीने येतो आणि गळात अडकून बुडतो. दक्षिण आफ्रिकेच्या मच्छीमारांनी जहाजाच्या मागे रंगीत पट्ट्यांची झालर सोडायला सुरुवात केल्यावर तिथल्या ट्रॉलरांवर मरणाऱ्या अल्बट्रॉसांची संख्या खूपच खाली आली. दोरीला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या चार पट्ट्या, बाकी काही नाही. हे वाचलं तेव्हा मला तुमची आठवण झाली, कारण असलं काम बोटीवरच्या माणसालाच जमतं.

मग एके ठिकाणी पाणी बदलतं. नकाशावर त्याला ध्रुवीय सीमारेषा म्हणतात. उत्तरेचं कोमट पाणी आणि दक्षिणेचं थंड पाणी तिथे भिडतं आणि काही तासांच्या प्रवासात पाण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. धुकं आलं. अल्बट्रॉस विरळ झाले आणि राखाडी-निळसर प्रायन दिसू लागले. त्यातल्या काहींच्या चोचीच्या आत कंगव्यासारखे दात असतात. चोच पाण्यात घालून पुढे सरकायचं, पाणी गाळून टाकायचं आणि बारीक जीव ठेवून घ्यायचे. त्यानंतर दक्षिणी फुल्मार, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे केप पेट्रेल आणि तपकिरी-पांढरे अंटार्क्टिक पेट्रेल आले. आणि एका सकाळी, बर्फ दिसायच्या आधी, पांढरं पाखरू.

हिमपेट्रेल. नुसतं पांढरं, एक ठिपका नाही. डोळा काळा, चोच काळी. खलाशी म्हणाला, आता बर्फ आला समजा. तो बरोबर होता. काही तासांत पहिल्या लाद्या लागल्या. हे पाखरू बर्फ सोडून राहत नाही. मोकळ्या समुद्रात ते फारसं दिसतच नाही, आणि पार गच्च गोठलेल्या, पाण्याची फट नसलेल्या ठिकाणीही त्याला काही मिळत नाही. त्याला दोन्ही हवं असतं, लाद्या आणि लाद्यांमधलं पाणी.

त्या दिवशी मी जहाजाच्या मागच्या बाजूला जाऊन बसले आणि जेवायलाही खाली गेले नाही. जहाज लाद्या उलटत पुढे जात होतं आणि त्यामागे निळ्या-काळ्या पाण्याची वाट तयार होत होती. उलटलेल्या बर्फावर क्रिल आणि लहान मासे तडफडत पडलेले. हिमपेट्रेल आणि अंटार्क्टिक पेट्रेल त्यावर झेपावत होते. हिमपेट्रेलची रीत वेगळी आहे. ते कडेजवळ अगदी खालून, पाण्याला पंख लागतील असं उडतं, चोच बुडवून उचलतं, कधी अर्धं अंग पाण्यात घालतं आणि लगेच वर. कधी लादीवर उतरून काठावरून वाकून टिपतं. अंटार्क्टिक पेट्रेल मात्र उंचावरून सरळ पाण्यात घुसतो. एकाच पाण्यात, एकाच चाऱ्यावर, प्रत्येकाची जागा ठरलेली. तासभरात मला हे कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त स्पष्ट झालं.

पण एवढ्या मोठ्या समुद्रात त्यांना चारा सापडतो कसा? मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. वासाने. क्रिल शेवाळ खातो तेव्हा फुटलेल्या शेवाळातून गंधकाचा एक वायू सुटतो, डायमिथाइल सल्फाइड. किनाऱ्यावर आपल्याला समुद्राचा म्हणून जो वास येतो त्यात त्याचा मोठा भाग असतो. १९९५ साली गॅब्रिएल नेव्हिट या अमेरिकन शास्त्रज्ञेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा वास समुद्रावर सोडला की काही जातींची पेट्रेल पाखरं वाऱ्याच्या उलट्या दिशेने त्याच्याकडे येतात. सगळी नाही. केप पेट्रेल आणि काळ्या भुवईचा अल्बट्रॉस त्याला भुलत नाहीत. ते चिरडलेल्या क्रिलच्या वासाकडे वळतात, किंवा आधी पोचलेल्या पाखरांची झुंबड बघून येतात. म्हणजे लहान पाखरं नाकाने आधी पोचतात आणि मोठी डोळ्यांनी मागून येतात. जिथे आपल्याला सपाट पाणी दिसतं तिथे त्यांच्यासाठी वासाचे चढउतार आहेत, जसा तुम्हाला पाण्याच्या नुसत्या रंगावरून तळ कळायचा.

आता घरट्यांकडे येते. समुद्र त्यांना खायला देतो, पण अंडं घालायला उघडा दगड लागतो आणि अंटार्क्टिकात उघडा दगड फार थोडा. लार्समन हिल्समध्ये तो आहे. वाऱ्याने कोरलेल्या खडकांच्या खबदाडांत हिमपेट्रेल बसतं, वर्षाला एकच अंडं. जवळ गेलं तर मान वर करून थुंकतं, आणि ते थुंकणं म्हणजे नारिंगी, उग्र वासाचं तेल. आम्ही ठरलेल्या अंतराच्या आत जात नाही, तरी एकदा वाऱ्याने एक शिंतोडा जॅकेटवर आला आणि वास धुऊनही जात नाही.

त्या तेलाचं महत्त्व लक्षात घ्या. पाखरू लांबून मासा-क्रिल खाऊन येतं, पण सगळं पाणी आणि मांस पोटात वाहून आणणं त्याला परवडत नाही. पोटात तेल वेगळं होतं, ते साठवून ठेवलं जातं. या तेलात डिझेलच्या जवळपास जाईल इतकी ऊर्जा असते. पिल्लाला ते चोचीतून पाजलं जातं. लांबच्या मासेमारीला डिझेलचा हिशोब मोडतो हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? यांच्या अंगात त्याची सोय आहे.

घरट्याच्या तोंडाशी उडालेलं तेल थंडीत घट्ट बसतं, त्यावर पुढच्या वर्षीचं, त्यावर त्याच्या पुढचं. असे थर हजारो वर्षं साचलेत. क्वीन मॉड लँड नावाच्या इथल्याच एका भागातल्या डोंगरांवर सापडलेल्या थरांचं वय सुमारे ३० हजार वर्षं निघालं. त्या थरांच्या रसायनांवरून तेव्हा ही पाखरं क्रिल जास्त खात होती की मासे, आणि त्यासाठी समुद्रात कुठे पाणी उघडं असलं पाहिजे, याचा अंदाज बांधता येतो. महाहिमयुगाच्या ऐन भरातही बर्फात कुठेतरी फटी होत्या, आणि पाखरं तिथून जेवून डोंगरावर परतत होती. जगातल्या कुठल्या ग्रंथालयात इतक्या जुन्या जेवणाची नोंद मिळेल?

डोंगरावर म्हणजे किती लांब, तेही ऐका. क्वीन मॉड लँडमध्येच, आपल्या मैत्री स्थानकाच्या पश्चिमेकडच्या डोंगररांगेत, स्वार्थामारेन नावाचा कडा आहे. समुद्रापासून जवळजवळ दोनशे किलोमीटर आत. तिथे अंटार्क्टिक पेट्रेलांची आतल्या भागातली सर्वांत मोठी ज्ञात वसाहत आहे. चांगल्या वर्षी दोन लाखांपर्यंत घरटी. आईबापांपैकी एक अंड्यावर बसतो आणि दुसरा दोनशे किलोमीटर बर्फ ओलांडून समुद्रावर, तिथून पुढे आणखी शेकडो किलोमीटर चाऱ्यामागे, आणि मग परत. कोणी उशीर केला की घरट्यावरचा उपाशी जोडीदार शेवटी अंडं सोडून निघतो.

२०२१ च्या डिसेंबरात आणि २०२२ च्या जानेवारीत तिथे एकामागून एक वादळं आली. हिम इतका साचला की दगड दिसेना. पाखरांनी अंगातली ताकद ऊब राखण्यात आणि वाऱ्याशी झगडण्यात घालवली. त्या मोसमात नॉर्वेच्या शास्त्रज्ञांना अंटार्क्टिक पेट्रेलांची फक्त तीन घरटी चालू सापडली, हिमपेट्रेलांची हातावर मोजण्याइतकी, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या स्कुआंचं एकही नाही. जिथे एरवी शंभराहून जास्त स्कुआ घरटी करतात तिथे एकही नाही. ही गोष्ट मी वाचली तेव्हा घरीच होते आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नव्हतं. पाखरं मेली नव्हती, पण एका पिढीचं एक वर्ष गेलं होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे, आबा. खायला इथे भरपूर आहे. थंडीनेही यांचं फारसं बिघडत नाही. यांचं जगणं-मरणं ठरतं ते घरट्यापासून चाऱ्यापर्यंतच्या अंतरावर. अंतर वाढलं की संपलं, मग ते बर्फ कमी झाल्यामुळे वाढो की जास्त झाल्यामुळे.

जास्त झाल्याचं उदाहरण अॅडेली पेंग्विनांचं. फ्रेंचांच्या द्युमाँ द्युरव्हिल स्थानकाजवळ त्यांची मोठी वसाहत आहे. २०१६-१७ च्या मोसमात समुद्राचा बर्फ उन्हाळ्यातही हटला नाही. पाण्यापर्यंत पोचायला आईबापांना खूप लांब चालावं लागलं. अठरा हजारांहून जास्त जोड्या आणि जगलेली पिल्लं दोन. त्याआधी २०१३-१४ मध्ये एकही जगलं नव्हतं. तेव्हा बर्फाच्या जोडीला पाऊसही पडला होता आणि पिल्लांच्या अंगावरची लव भिजून ती गारठली होती.

उलट उदाहरण सम्राट पेंग्विनांचं. इथून जवळच, अमांडा बेमध्ये त्यांची वसाहत आहे. ते हिवाळ्यात समुद्राच्या बर्फावरच अंडं घालतात. मादी खायला निघून जाते आणि नर पायावर अंडं ठेवून दोन महिने उभा राहतो, त्याआधीचे दिवस धरून चार महिन्यांच्या जवळपास उपाशी. मादी परत येऊन पिल्लाला भरवते तेव्हा तो समुद्राकडे निघतो. खोल बुडण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, पाचशे मीटरच्याही खाली जाऊन सिल्व्हरफिश आणि माकूळ पकडतो. पण पिल्लांना पाणी झटकणारी पिसं यायच्या आधी बर्फ फुटला तर काही चालत नाही. २०२२ च्या अखेरीस बेलिंगशॉसेन समुद्रात तेच झालं. उपग्रहाच्या चित्रांवरून कळलं की पाचपैकी चार वसाहतींतली सगळी पिल्लं गेली. पुढच्या फेब्रुवारीत समुद्राच्या बर्फाचा पसारा १८ लाख चौरस किलोमीटरांच्याही खाली गेला. मोजणी सुरू झाल्यापासून इतका कमी कधी नव्हता.

क्रिलची मासेमारी हाही प्रश्न आहे. मोठमोठी जहाजं क्रिल उपसतात, मासेशेतीच्या खाद्यासाठी आणि तेलाच्या गोळ्यांसाठी. दक्षिण अटलांटिकच्या बाजूला वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे आणि ती ठरवणाऱ्या अंटार्क्टिक समुद्री जीवांच्या संरक्षणाच्या करारात भारतही सदस्य आहे. एकूण क्रिलच्या मानाने आकडा मोठा नाही असं जहाजवाले सांगतात. पण त्यातला बराचसा पेंग्विन जिथे पिल्लं वाढवतात त्याच्या जवळून काढला जातो, आणि हे मला अजिबात पटत नाही. किती काढलं एवढंच बघून भागत नाही, कुठून आणि कधी काढलं तेही बघावं लागतं. मोठे ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसले की तुम्ही जे बोलायचात तेच हे.

स्कुआचं थोडक्यात सांगते. तपकिरी, दणकट, पेट्रेल मारून खाणारा. दक्षिण ध्रुवाच्या ठिकाणीही तो दिसल्याची नोंद आहे. समुद्रापासून हजार किलोमीटरांहून आत, जिथे त्याला खायला काहीच नाही, तरी गेला. आम्ही अन्नाचा एक कणही बाहेर टाकत नाही आणि बाहेर जाताना-येताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवतो. पक्षी-तापाचा विषाणू २०२३ च्या ऑक्टोबरात साउथ जॉर्जिया बेटावर पोचला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिक द्वीपकल्पावर स्कुआमध्येच सापडला. म्हणून मेलेलं पाखरू दिसलं तर आम्ही लांबूनच कळवतो.

आता तुमच्या ओळखीचं पाखरू. डोलजाळ्याच्या बोटीमागे, पावसाळी बंदीच्या आधी मे महिन्यात आणि नारळी पौर्णिमेनंतर परत, लहान काळं पाखरू यायचं, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, पाण्यावर पाय आपटत चालल्यासारखं. तुम्ही सांगायचात, ते कधी किनाऱ्यावर बसताना दिसत नाही, अंडी कुठे घालतं कोणास ठाऊक. आबा, ते अंडी इथे घालतं. विल्सन स्टॉर्म पेट्रेल त्याचं नाव. जेमतेम ३५-४० ग्रॅम वजन. सध्या ते माझ्या खिडकीसमोरच्या दगडांच्या फटींत अंड्यावर बसलंय, आणि रात्री सूर्य खाली उतरून उजेड मंद झाला की फटींतून त्याचा चिरका आवाज येतो. स्कुआच्या भीतीने ते भर उजेडात घरट्याशी येत नाही. फट हिमाने बुजली तर आत पिल्लू अडकतं. म्हणून त्याला हवी असते वाऱ्याआडची, पण हिम न साचणारी जागा, आणि तशा जागा थोड्याच.

ते पाण्यावर चालतं असं वाटतं, पण वारा पंखांखाली घेऊन ते तरंगत असतं, आणि पाय पाण्यात टेकवून वाऱ्याबरोबर वाहून न जाता एका जागी टिकतं. तेवढ्यात चोचीने टिपून घेतं. इथे क्रिलची पिल्लं, बारीक झिंग्यासारखे जीव, लहान लँटर्नफिश आणि मेलेल्या सीलच्या चरबीचे तरंगणारे थेंब. आपल्याकडे बोटीमागे ते येतं ते याच सवयीने. जाळं ओढताना सुटलेल्या तेलाचा वास त्याला लांबून कळतो. मार्च-एप्रिलमध्ये इथली पिल्लं उडाली की ही पाखरं विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जातात. काही अटलांटिकमध्ये, काही अरबी समुद्रात. आपल्याकडे पावसाळ्यात वारा समुद्र घुसळतो, खालचं थंड आणि सकस पाणी वर येतं, बारीक जीव वाढतात. म्हणजे इथे हिवाळा आणि उपासमार सुरू होते, नेमकं तेव्हा तिथे त्यांचं ताट वाढलेलं असतं. नोव्हेंबरपर्यंत परत इथे, बहुधा त्याच फटीत.

उलट्या बाजूने येणारेही आहेत. आर्क्टिक सुरय उत्तर ध्रुवाच्या बाजूला पिल्लं वाढवतो आणि आपल्या हिवाळ्यात इथल्या बर्फाच्या कडेवर खायला येतो. ग्रीनलंडच्या सुरयांवर यंत्रं बसवून पाहिलं तेव्हा वर्षाला सरासरी ७० हजार किलोमीटरांहून जास्त उड्डाण निघालं. दोन्ही टोकांचे उन्हाळे तो खातो.

आता दादाचं काम. मे महिन्यात बंदीच्या आधी आणि पुढे बोट पुन्हा लागली की, हे काळं पाखरू दिसलं तर वहीत लिहून ठेव. तारीख, वेळ, किनाऱ्यापासून किती लांब, किती वाव पाणी, वारा कुठला, पाखरं साधारण किती, आणि ती बोटीमागे होती की पाण्यावर काही टिपत होती. जीपीएसचा आकडा लिहिलास तर उत्तमच. न दिसल्याचे दिवसही लिही, तेही तितकेच कामाचे. हर्णैच्या बाकीच्या तांडेलांनाही विचार. आपल्या किनाऱ्याच्या नोंदी फार थोड्या आहेत आणि रोज तिकडे जाणारी माणसं तुम्हीच आहात. आणि पावसात एखादं समुद्री पाखरू थकून वाळूवर पडलेलं मिळालं, तर पोरांना ते परत पाण्यात फेकू देऊ नका. खोक्यात कोरड्या कापडावर ठेवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही आणि वनखात्याला फोन करायचा.

आबा, तुम्हीही सांगा. पूर्वी, लाकडी होड्या होत्या तेव्हा, ही पाखरं किती दिसायची? आतापेक्षा जास्त की कमी, किनाऱ्याजवळ की लांब, आणि ती आली की मासळीचं काय व्हायचं? आठवेल तेवढं वहिनीला लिहून घ्यायला सांगा, वर्ष नक्की आठवलं नाही तरी चालेल, कोणती बोट होती ते सांगितलंत तरी वर्ष काढता येईल.

आजीला नमस्कार. आईला सांगा, लोणचं संपत आलंय पण पुरेल. जहाज मार्चमध्ये परत निघेल.

तुमची नात